जुन्या पिस्तुलात होलो पॉइंट: काडतूस न अडकता चढते का, हे तपासण्याची पद्धत

अमेरिकन सैन्याने १९११ मध्ये .४५ बोअरचे कोल्ट पिस्तूल (पुढे त्याला नुसते ‘१९११’ म्हटले आहे) स्वीकारले, ते एका ठरावीक काडतुसासाठी: गोल नाकाची, पूर्ण वेष्टनाची, २३० ग्रेन म्हणजे साधारण १५ ग्रॅम वजनाची गोळी, जिला ‘बॉल’ म्हणतात. मॅगझिनचे ओठ (वरचे काडतूस धरून ठेवणाऱ्या कडा), फ्रेमवरचा रॅम्प (गोळीला नळीकडे चढवणारा उतार), नळीचे तोंड, सगळे या गोल नाकावर बेतलेले. १९३५ चे ब्राउनिंग हायपॉवर, वॉल्थर पीपी आणि पीपीके या पिस्तुलांचेही तेच. अशा पिस्तुलात रुंद, पोकळ तोंडाची गोळी, म्हणजे होलो पॉइंट, घातली की ती त्याच रॅम्पवर आदळते, पण वेगळ्या कडेने आणि वेगळ्या कोनात. म्हणून ‘बॉल काडतुसे हजारभर उडवली, एकदाही अडकले नाही’ या अनुभवावरून होलो पॉइंट चालेल की नाही हे कळत नाही. ते स्वतंत्रपणे तपासावेच लागते.

पोकळ तोंडाची गोळी लक्ष्यात शिरल्यावर फुलते आणि लवकर थांबते. आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. अमेरिकेत घराच्या संरक्षणासाठी ती वापरतात ते यासाठी. (मराठीत ऐकून माहीत असलेली ‘दमदम’ गोळी तिची जवळची नातेवाईक. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात टोकाला शिसे उघडे ठेवलेली रायफलची गोळी बनली, त्यावरून ते नाव पडले.) पोलिसांनी आणि नागरिकांनी अर्धस्वयंचलित पिस्तुलांत होलो पॉइंट मोठ्या प्रमाणावर वापरायला सुरुवात केली ती १९६० च्या दशकानंतर. म्हणजे आपण ज्या पिस्तुलांबद्दल बोलतो आहोत त्यांतली बहुतेक त्याआधी आखलेली आहेत.

कायद्याचे आधी पाहा. अमेरिकेत एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला सर्वसाधारणपणे बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही आडकाठी नाही. मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सीत होलो पॉइंटवर वेगळे निर्बंध आहेत. घरात ठेवणे, विकत घेऊन घरी आणणे, रेंजवर (गोळीबाराच्या सरावाच्या जागी) वापरणे यांना सूट आहे, पण घराबाहेर जवळ बाळगणे गुन्हा ठरू शकतो. रेंजचेही नियम असतात, ते आधी विचारून घ्या. भारतात ९ मिमी हे प्रतिबंधित बोअर आहे. त्यामुळे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे हायपॉवरचे भावंड नागरी परवान्यावर मिळत नाही. परवान्यावरची पिस्तुले बहुतेक .३२ ची असतात आणि त्या बोअरची एक खास अडचण आहे, ती पुढे येते.

काडतूस चढते कसे

हे नीट डोळ्यासमोर आणल्याशिवाय पुढची तपासणी आंधळी होते. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, मागून पुढे येताना मॅगझिनमधल्या सर्वांत वरच्या काडतुसाच्या बुडाला ढकलते. गोळीचे नाक रॅम्पवर आदळते, वर उचलले जाते आणि नळीच्या तोंडात सरकते. त्याच वेळी काडतुसाचे बूड मॅगझिनच्या ओठांखालून सुटते आणि स्लाइडच्या सपाट पुढच्या भागावरून वर सरकत एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) आकड्याखाली जाते. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याआधी होते. यात तीन गोष्टींचा मेळ बसावा लागतो: काडतूस ओठांतून नेमके कधी सुटते, त्या क्षणी नाक कुठे असते, आणि आकडा बुडाला वर सरकू देतो की नाही.

जुन्या सैनिकी मॅगझिनचे ओठ मागून पुढे हळूहळू रुंदावतात. काडतूस सावकाश वर येते आणि उशिरा सुटते. लांब, गोल नाक तोपर्यंत नळीत शिरलेले असते. होलो पॉइंट सहसा बॉलपेक्षा आखूड असते, शिवाय तिचे तोंड रुंद. सुटण्याच्या क्षणी ते तोंड अजून रॅम्पवरच असते किंवा नळीच्या वरच्या कडेला टेकलेले असते. सपाट तोंडाच्या निशाणेबाजीच्या गोळ्यांसाठी बनलेले समांतर ओठांचे मॅगझिन काडतूस लवकर आणि एकदम सोडते. या दोहोंच्या मधला, मिश्र ओठांचा प्रकार होलो पॉइंटला बहुधा सर्वांत मानवतो. १९११ पिस्तुलात निम्म्याहून अधिक तक्रारी केवळ मॅगझिन बदलून सुटतात, असे आमचे ठाम मत आहे. कानस हातात घेण्याआधी हे वाक्य आठवा.

साहित्य

निदान तीन मॅगझिने, त्यांतली दोन नवी. १९११ साठी विल्सन कॉम्बॅटची, हायपॉवरसाठी मेकगारची मॅगझिने विश्वासाची आहेत. प्रत्येकावर रंगाच्या पेनने १, २, ३ असे मोठे आकडे घाला. एक डिजिटल कॅलिपर, काळा मार्कर पेन, वही, स्वच्छतेचे साहित्य आणि पातळ तेल घ्या. दारू आणि प्रायमर नसलेली डमी काडतुसे पाच-सहा लागतील. ती शक्यतो त्याच गोळीची असावीत, कारण बाजारातल्या प्लॅस्टिकच्या डमींचे नाक गोल असते आणि या कामात ती फसवतात. नवी रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी) लागेल. १९११ च्या पाच इंची .४५ ची मूळ ताकद १६ पौंड आहे. काडतुसे: १०० बॉल, तीन वेगवेगळ्या होलो पॉइंटची प्रत्येकी एक पेटी (बहुधा २० नगांची), आणि शेवटी निवडलेल्या एकाची २०० नगे, सगळी एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली. लॉट नंबर पेटीच्या झाकणावर किंवा कडेला असतो, तो वहीत लिहा. होलो पॉइंट बॉलच्या दोन-तीन पट महाग पडते, म्हणूनच आधी तीन छोट्या पेट्यांची चाळणी आणि मगच मोठी खरेदी.

तीन पेट्या निवडताना दाब आणि आकार दोन्ही पाहा. .४५ एसीपीचा (१९११ च्या काडतुसाचा) ठरलेला कमाल दाब २१,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, प्लस-पीचा, म्हणजे जास्त दाबाच्या काडतुसाचा, २३,०००. ९ मिमीला हेच आकडे ३५,००० आणि ३८,५०० असे आहेत. जुन्या पिस्तुलात प्लस-पी घालू नका. वेग थोडा वाढतो, पण स्लाइडही अधिक जोरात मागेपुढे होते. जुनी मॅगझिन स्प्रिंग काडतूस वेळेत वर आणू शकत नाही आणि धातूवरही ताण येतो. आकाराचे म्हणाल तर एक पेटी गोलसर नाकाची घ्या, म्हणजे होर्नाडी क्रिटिकल डिफेन्ससारखी, जिच्या पोकळीत रबरासारखे मऊ टोक भरलेले असते. दुसरी मध्यम तोंडाची, उदाहरणार्थ स्पीअर गोल्ड डॉट किंवा रेमिंग्टन गोल्डन सेबर. तिसरी रुंद तोंडाची, फेडरल एचएसटीसारखी. पहिली चालली आणि तिसरी अडकली, तर पिस्तूल काय सहन करते हे एका दुपारी कळते.

रेंजवर जाण्याआधी

पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून ते पूर्ण उघडा. नळीला स्लाइडमध्ये पकडून ठेवणाऱ्या कड्यांवर चुरगळल्याच्या खुणा, फ्रेमवर वा स्लाइडवर चिरा, स्लाइड स्टॉपला (स्लाइड मागे अडकवून ठेवणाऱ्या खटक्याला) झीज, यांपैकी काही दिसले तर काम तिथेच थांबवून गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) जा. रिकॉइल स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी ठेवा. लांबी स्पष्ट कमी झालेली असेल तर बदला. थकलेली स्प्रिंग स्लाइड पूर्ण बंद करत नाही आणि दोष मात्र गोळीवर येतो.

१९११ च्या एक्स्ट्रॅक्टरची तपासणी स्लाइड फ्रेमवरून काढून करा. आकड्याखाली डमी काडतूस सरकवा आणि स्लाइड हलके हलवा. काडतूस जागी राहिले पाहिजे, पण बोटाने ते आत सरकवताना झटापट होता कामा नये. फार सैल असेल तर पुंगळी नीट बाहेर पडत नाही. फार घट्ट असेल तर बूड आकड्याखाली चढत नाही आणि स्लाइड दोन-तीन मिलिमीटर उघडी राहते. आकड्याची खालची कड गोलाकार हवी, ती तीक्ष्ण असेल तर पितळ तिच्यावर अडते. एक सवय मात्र सोडा: सुटे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागी) टाकून वरून स्लाइड सोडणे. १९११ च्या एक्स्ट्रॅक्टरचा आकडा बुडावरून उडी मारण्यासाठी बनलेला नाही. तो तुटतो किंवा त्याचा ताण जातो. पहिले काडतूसही मॅगझिनमधूनच चढवा.

रॅम्प पाहा. १९११ पिस्तुलात रॅम्पचे दोन भाग असतात, एक फ्रेमवर आणि एक नळीवर, आणि नळी मागे-खाली असताना त्या दोहोंत सुमारे ०.८ मिमी, म्हणजे इंचाचा बत्तिसावा भाग, अंतर हवे. नळीची कड फ्रेमच्या पुढे डोकावत असेल तर प्रत्येक गोळीला ठेच लागणारच. जुन्या हायपॉवरच्या रॅम्पवर उंचवटा असतो. बॉल त्यावरून घसरून जाते, रुंद तोंडाची गोळी थबकते. १९८० च्या दशकात आलेल्या मार्क २ आणि मार्क ३ मध्ये रॅम्प सरळ केला गेला. त्यामुळे तुमचे हायपॉवर कोणत्या पिढीचे, हे ठाऊक असणे निम्मे निदान आहे.

काडतुसांची मापे घ्या. प्रत्येक पेटीतली पाच नगे कॅलिपरने मोजून एकूण लांबी लिहा. कमाल लांबी .४५ एसीपीला ३२.३९ मिमी आणि ९ मिमीला २९.६९ मिमी. पाचांत पाव मिलिमीटरहून जास्त तफावत असेल तर ती पेटी बाजूला ठेवा.

चेंबरची चाचणी रेंजवरच, सुटी काढलेली नळी हातात धरून करायची. काडतूस वरून सोडा. ते ‘ठक्’ आवाज करून पूर्ण बसले पाहिजे आणि नळी उलटी केल्यावर स्वतःच्या वजनाने खाली पडले पाहिजे. तिथेच अडले तर दोष फीडचा, म्हणजे काडतूस चढण्याचा, नाही. चेंबर घाण आहे किंवा काडतूस मापाबाहेरचे आहे.

घरी जिवंत काडतूस चढवून पाहू नका, कितीही मोह झाला तरी. शिवाय हाताने हळूहळू सरकवलेली स्लाइड काहीच सिद्ध करत नाही. हळू नेल्यावर चांगले काडतूसही अडते आणि वाईट काडतूसही कधीकधी सरकून जाते.

गोळीबाराच्या फेऱ्या

पहिली फेरी बॉलची. तिन्ही मॅगझिने पाळीपाळीने वापरून १०० नगे. हा पाया आहे. बॉलच अडकत असेल तर होलो पॉइंटची पेटी उघडूच नका.

दुसरी फेरी चाळणीची. प्रत्येक प्रकारच्या २० नगांपैकी पहिल्या सातांच्या नाकाला काळ्या मार्करने रंग द्या. ती सात चढवायची, पण उडवायची नाहीत. नळी लक्ष्याकडे, बोट ट्रिगरबाहेर ठेवून मॅगझिनमधून पूर्ण वेगाने एकेक चढवा आणि अलगद बाहेर काढा. रंग कुठे खरवडला ते पाहा. तोंडाच्या खालच्या कडेला ओरखडा असेल तर गोळी रॅम्पवर थबकते आहे. वरच्या कडेला चेप असेल तर ती नळीच्या छताला धडकते आहे. नाकाच्या बाजूला लांबट, पुसट रेघ असेल तर उत्तम, ती सरकून जाते आहे. मग हीच सात पुन्हा मोजा. लांबी ०.२५ मिमीहून अधिक कमी झालेले काडतूस उडवू नका, वेगळे काढून ठेवा. गोळी केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) मागे ढकलली गेली की आतली जागा कमी होते आणि दाब झपाट्याने चढतो, ९ मिमीत विशेष. एका चढवण्यातच गोळी मागे जाणारा प्रकार जुन्या पिस्तुलासाठी बाद समजा, तो कितीही नावाजलेला असो. उरलेली नगे उडवा. वीसांत दोनदा अडकले तर तो प्रकार संपला, आणखी पैसे घालू नका.

तिसरी फेरी २०० नगांची. हा आकडा हवेतून आलेला नाही. ‘न’ वेळा करून एकदाही बिघाड झाला नाही, तर खऱ्या बिघाडाचे प्रमाण ९५ टक्के खात्रीने ३ भागिले ‘न’ यापेक्षा कमी असते, असा संख्याशास्त्राचा ढोबळ नियम आहे. ५० निर्दोष फैरींनंतर तुम्ही फक्त एवढेच म्हणू शकता की बिघाड ६ टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे सोळा-सतरा गोळ्यांत एक अडकू शकते. २०० नंतर ती मर्यादा दीड टक्क्यावर येते.

पण इथे एक खाच आहे. बिघाड सगळ्या काडतुसांत सारखे वाटलेले नसतात. ते पहिल्या आणि शेवटच्या काडतुसावर गोळा होतात. भरलेल्या मॅगझिनचे पहिले काडतूस सर्वांत जास्त दाबाखाली असते, शेवटच्याला स्प्रिंगचा जोर सर्वांत कमी. सात नगांची पूर्ण मॅगझिने २८ वेळा उडवली तर शेवटचे काडतूस फक्त २८ वेळा तपासले गेले. त्या जागेपुरती तुमची मर्यादा दहा टक्क्यांहून वरच राहिली. म्हणून २०० नगे अशी वाटा: २० वेळा पूर्ण सात, म्हणजे १४०, आणि ३० वेळा फक्त दोन-दोन, म्हणजे ६०. आता पहिले आणि शेवटचे काडतूस प्रत्येकी ५० वेळा तपासले गेले. पहिले काडतूस निम्म्या वेळा स्लाइड स्टॉप दाबून आणि निम्म्या वेळा स्लाइड हाताने मागे ओढून सोडून चढवा. १०० नंतर पिस्तूल साफ करू नका. शेवटची ४० नगे एका हाताने उडवा, २० उजव्या, २० डाव्या. पकड सैल पडली की स्लाइडचा जोर घटतो आणि लपलेले दोष वर येतात.

अडकल्यावर काय करायचे

थांबा. बोट ट्रिगरबाहेर, नळी लक्ष्याकडे. स्लाइडच्या मागे तळहाताने थापटी मारून ती बंद करू नका. त्याने पुरावा नष्ट होतो आणि गोळी मागेही ढकलली जाते. वरून फोटो घ्या, मग मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, काडतूस बाहेर काढा. वहीत मॅगझिनचा क्रमांक, त्यातले कितवे काडतूस, कोणता हात आणि काडतूस कुठल्या कोनात अडकले ते लिहा. चाप ओढून काहीच झाले नाही तर नळी तशीच लक्ष्याकडे धरून ३० सेकंद थांबा. उशिरा पेटणारे काडतूस असू शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी उडवण्याआधी नळी उघडून आरपार पाहा.

नाक खाली रुतून रॅम्पवर अडकले असेल, तर मॅगझिन स्प्रिंग थकली आहे किंवा ओठ चुकीचे आहेत. नाक वर जाऊन नळीच्या छताला, मधला भाग रॅम्पच्या कडेला आणि बूड स्लाइडला, असे तिरपे तीन जागी रुतले असेल, तर आधी मॅगझिन बदलून पाहा, मग एक्स्ट्रॅक्टरचा ताण. स्लाइड अगदी थोडी उघडी राहत असेल तर घट्ट एक्स्ट्रॅक्टर, घाण चेंबर किंवा थकलेली रिकॉइल स्प्रिंग. स्लाइड काडतुसाला न घेताच वरून निघून गेली, म्हणजे काडतूस वेळेत वर आले नाही, पुन्हा मॅगझिन स्प्रिंग. शेवटचे काडतूस मॅगझिनमधून आपोआप पुढे उडी मारत असेल तर फॉलोअर (मॅगझिनमधली काडतुसे वर ढकलणारी पट्टी) पाहा. १९११ च्या मूळ फॉलोअरवर एक उंचवटा असतो, तो काडतुसाला धक्क्याने पुढे सरकण्यापासून अडवतो. काही नव्या, गुळगुळीत फॉलोअरवर तो नसतो. रिकामी पुंगळी उभी अडकणे हा फीडचा दोष नाही. तो वेगळा नोंदवा, मिसळू नका.

सगळे बिघाड एकाच क्रमांकाच्या मॅगझिनमध्ये असतील तर ते मॅगझिन मोडीत काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलल्यावर २०० चा आकडा शून्यापासून मोजा. हे जिवावर येते, पण अर्धवट मोजणी म्हणजे मोजणी नाही.

रॅम्पला हात लावायची वेळ सर्वांत शेवटी. करायचेच तर लाकडी दांडीवर चामडे गुंडाळून, धातूच्या पॉलिशने फक्त चकाकी आणायची. कोन, कडा आणि ते ०.८ मिमी अंतर जसेच्या तसे राहिले पाहिजे. फिरत्या मशीनचे दगड लावून कित्येक चांगल्या फ्रेम कायमच्या निकामी झाल्या आहेत. कोल्ट कमांडरसारखी ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर पॉलिशही नको. वरचा कठीण थर गेला की गोळीची धारदार कड मऊ धातूत खड्डा पाडते. नळीचे तोंड रुंद करणे हे गनस्मिथचे काम. ते जास्त झाले तर केसच्या बुडाला आधार उरत नाही आणि पितळ फुटू शकते.

.३२ ची अडचण

.३२ एसीपीच्या केसचे बूड अंगापेक्षा किंचित रुंद असते. बॉलच्या लांबीने (कमाल २५ मिमी) काडतूस मॅगझिनमध्ये पुढेमागे हलायला जागा राहत नाही. होलो पॉइंट आखूड असल्याने ती जागा मिळते आणि वरच्या काडतुसाचे बूड खालच्याच्या मागे जाऊन अडकते. ही गाठ पडली की स्लाइड ओढून सुटत नाही, मॅगझिन काढून रिकामे करावे लागते. तपासायला मॅगझिन पूर्ण भरा, पाठीची बाजू तळहातावर चार-पाच वेळा आपटा आणि बाजूच्या भोकांतून बुडांची रांग पाहा. प्रत्येक वरचे बूड खालच्याच्या पुढे हवे. ते उलटले तर या पिस्तुलात आखूड गोळी वापरायची नाही. वॉल्थर पीपी, कोल्ट १९०३ आणि .३२ ची सगळी छोटी पिस्तुले यात आली. या बोअरमध्ये बॉलच बरी, हे आमचे स्पष्ट मत.

जर्मन पी०८ लुगर पिस्तुलाबद्दल एवढेच: मॅगझिनचा तीव्र कोन आणि काडतुसाच्या लांबीबाबतचा काटेकोरपणा यामुळे आखूड गोळी त्यात क्वचितच धड चालते. क्रमांक जुळणारे मूळ पिस्तूल या प्रयोगात घालून त्याचा एखादा सुटा भाग तुटला, तर किंमत परत येत नाही. सैनिकी इतिहास असलेले, मूळ स्थितीतले कोणतेही पिस्तूल होलो पॉइंटसाठी घासू नये. ते बॉलवर चालवा आणि घराच्या संरक्षणासाठी दुसरे ठेवा.

२०० पार पडल्यावर त्याच लॉटची शिल्लक काडतुसे वेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर मॅगझिनचे क्रमांक लिहा. पिस्तूल रिकामे करताना रोज तेच काडतूस पुन्हा पुन्हा चढवले जाते, म्हणून महिन्यातून एकदा त्याची लांबी मोजा आणि सुरुवातीच्या नोंदीपेक्षा ०.२५ मिमी घटली की ते काढून टाका. पुढची खरेदी वेगळ्या लॉटची आली तर पुन्हा ५० नगे, त्यांत दहा वेळा दोन-दोनची मॅगझिने.